विश्लेषण : हॅमस्टर पिंजऱ्यातून पळतो, चूक कुणाची?

मुलांच्या हट्टापायी हॅमस्टर आता हदगावसारख्या तालुक्याच्या गावांतही पोहोचू लागला आहे. शे-सव्वाशे ग्रॅमचा हा जीव हौसेने घरी येतो आणि एखाद्या सकाळी पिंजरा रिकामा दिसतो. मुले रडतात, मोठी माणसे ‘सापडेल कुठेतरी’ म्हणतात. पण ज्या घरात सोयाबीनची पोती, हळद किंवा वर्षाचे धान्य असते, तिथे कोपऱ्यात उंदराचे औषधही असते. म्हणून आपल्याकडे हॅमस्टरचे पळणे हा गमतीचा विषय नाही.

तो पळतो का?

कारण पळणे हा त्याचा स्वभावच आहे. १९३० साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी सीरियातील अलेप्पोजवळच्या एका शेतात खोल खणून सोनेरी हॅमस्टरची मादी आणि तिची पिल्ले मिळवली. काळा आजाराच्या गटातील रोगांवर संशोधन करणारे सॉल अ‍ॅडलर यांना प्रयोगासाठी हा प्राणी हवा होता. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात पोहोचलेल्या पिल्लांपैकी काहींनी लाकडी पिंजऱ्याचा तळ कुरतडला आणि ती पळून गेली. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या सोनेरी हॅमस्टरांपैकी बहुतेकांचा वंश उरलेल्या भावंडांपर्यंत जातो. म्हणजे पाळीव हॅमस्टरच्या इतिहासाची सुरुवातच पिंजरा फोडण्याने झाली.

हा प्राणी निशाचर आहे. रानात तो जमिनीखाली अर्धा ते एक मीटर खोल बीळ करून राहतो आणि अंधार पडताना दाण्यांच्या शोधात निघतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणे थांबत नाही. घर झोपते तेव्हा तो कामाला लागतो.

पिंजऱ्याचा दोष किती?

बराच. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी वेगवेगळ्या आकाराच्या पिंजऱ्यांत हॅमस्टर ठेवून पाहिले. लहान पिंजऱ्यातले हॅमस्टर गज जास्त वेळ कुरतडत होते. दुसऱ्या अभ्यासात भुशाचा थर खोल केल्यावर हे कुरतडणे कमी झाले. म्हणून जर्मनीतील प्राणी कल्याणासाठी काम करणारे पशुवैद्यक किमान १०० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच जागा सुचवतात. बाजारात मिळणारा रंगीत, दोन मजली छोटा पिंजरा याच्या जवळपासही जात नाही. जनावर लहान म्हणून घर लहान, हा हिशेब चुकीचा आहे.

जोडी घेतली तर?

सोनेरी हॅमस्टर एकटा राहणारा प्राणी आहे. वयात आल्यावर दोघे एकत्र ठेवले तर जीवघेणी भांडणे होतात आणि मार खाणारा सुटकेची वाट शोधतो. शिवाय मादी साधारण १६ दिवसांत विते. त्यामुळे एका पिंजऱ्यात एकच ठेवावा.

पळू नये म्हणून काय करावे?

• दोन गजांतले अंतर मोठ्या सोनेरी जातीसाठी १ सेंमीपेक्षा कमी, बटू जातींसाठी ६ मिमीच्या आसपास हवे. डोके शिरले की अंगही निघते.
• मोठा प्लास्टिकचा डबा किंवा काचेची टाकी चालते. झाकणाला बारीक लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे हवा खेळती राहते. लाकूड व पुठ्ठा टाळावा.
• दाराला कागदाची घट्ट क्लिप लावावी. खाणे-पाणी दिल्यावर दार पुन्हा तपासावे.
• तळाला भुशाचा किमान वीतभर थर द्यावा. पळण्यासाठी चाक आणि कुरतडायला सुक्या फांदीचा तुकडा ठेवावा. चाक किंवा खेळणी झाकणाला टेकू नयेत. त्यांवर चढून तो वर पोहोचतो.
• नांदेड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. गारव्यासाठी पिंजरा रात्री ओसरीवर ठेवला तर मांजराला आयतेच मिळते. पत्र्याखाली न ठेवता घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावा. आत मातीचे छोटे मडके आडवे ठेवले तर त्याला गारवा मिळतो.

पळालाच तर?

सर्वांत आधी उंदराचे औषध आणि चिकट सापळे उचलावेत. झिंक फॉस्फाइडची काळी पूड काही तासांत जीव घेते. रक्त पातळ करणाऱ्या वड्यांचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे ‘आज तर बरा आहे’ यावर विसंबू नये. चिकट सापळ्यात अडकला तर ओढू नये. खाण्याचे तेल लावून हळूच सोडवावा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा.

मग खोल्यांची दारे बंद करून फटी कापडाने बुजवाव्यात. गाद्यांची चळत, फ्रिजची मागची बाजू, कुलर, धान्याची कोठी पाहावी. रात्री प्रत्येक खोलीत मोजून शेंगदाणे ठेवावेत आणि भोवती पीठ भुरभुरावे. सकाळी पावले दिसतात. त्या खोलीत बादलीच्या तळाशी कापड व दाणे ठेवून बाहेरून पुस्तकांची पायरी करावी. बहुधा तो आत उतरतो आणि गुळगुळीत कडांमुळे वर येऊ शकत नाही.

जबाबदारी कुणाची?

पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे. ग्राहकाने नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे, योग्य पिंजरा आधी घ्यावा आणि प्राणी नंतर. कंटाळा आला म्हणून त्याला शेतात सोडणे हा तर सर्वांत वाईट मार्ग. तिथे तो बहुधा कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जातो. जगलाच तर पिकाला नवा उपद्रव. ही भीती असल्याने ऑस्ट्रेलिया आणि हवाई बेटांवर हॅमस्टर पाळण्यास बंदी आहे.

मुलांना प्राण्याचा लळा लागावा, ही इच्छा चांगलीच आहे. पण पुरेशी जागा देण्याची आणि उंदराचे औषध घराबाहेर काढण्याची तयारी नसेल, तर हॅमस्टर न आणणे हीच त्याच्यावरची माया.