मुखपृष्ठावर न आलेली बाई

दिवाळी अंक हाती आला की आपण आधी मुखपृष्ठ पाहतो. त्यावर बहुधा एक सुंदर स्त्री असते. हातात निरांजन, केसांत गजरा, लुगड्याला सुरकुती म्हणून नाही! दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांनी अशा चित्रांनी मराठी घरांवर राज्य केले. त्यांच्या कुंचल्यातला गोडवा नाकारण्याइतका मी अरसिक नाही. माझा प्रश्न एवढाच, की दिवे लावण्याआधी ही बाई होती कोठे?

कन्हानकाठी मौद्याला आमच्या घरी दिवाळीतली बाई अशी दिसत नसे. आई पहाटेपासून चुलीपुढे. पदर खोचलेला, बोटांना चकलीचे पीठ, मनगटावर तेलाचा चटका. ती कोणत्याही मुखपृष्ठावर आली नाही.

कोणी म्हणेल, “सणासुदीला कष्टांची चित्रे कशाला? चित्र डोळ्यांना सुखवणारे हवे.” ठीक. मग अठराव्या शतकातले पॅरिस पाहा. १७३९ साली बूशे या चित्रकाराने ‘न्याहारी’ रंगविली. श्रीमंती दालन, आरसा, नटलेल्या स्त्रिया, खेळण्यांत रमलेले मूल. रोकोको शैलीचा सारा थाट तीत आहे. त्याच सुमारास त्याच शहरात शार्दँने एका साध्या घरातली आई रंगविली. ती मुलांना वाढते आहे आणि पहिल्या घासाआधी धाकट्याकडून प्रार्थना म्हणवून घेते आहे. बस्स, एवढेच! देवांची नि राजांची चित्रे श्रेष्ठ, घरगुती चित्रे हलकी, असे तिथले कलापंडितही मानीत. तरी १७४० मध्ये ते चित्र पंधराव्या लुईला नजर झाले. आज लूव्ह्र संग्रहालयात ही दोन्ही चित्रे आहेत. वाढणाऱ्या त्या आईपुढे उभे राहिल्यावर डोळ्यांना सुख मिळत नाही, असे कोण म्हणेल?

आपल्याकडेही महादेव विश्वनाथ धुरंधरांनी (१८६७–१९४४) रस्त्यावरची, बाजारातली साधी माणसे आवडीने रेखाटली. म्हणजे दृष्टी नव्हती असे नव्हे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन मात्र आमची हौस थबकली. फराळ तेवढा हवा. तो करणारे हात नकोत!

आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे. स्टुडिओत, उसने दागिने घालून, ताठ बसून काढलेला. त्यात ती मला ओळखू येत नाही. चुलीपुढची आई फक्त माझ्या आठवणीत आहे. माझ्यामागे ती कोणालाच दिसणार नाही.

चित्रकारांनो, एखाद्या वर्षी निरांजन खाली ठेवा, आणि तिला रंगवा.