विश्लेषण : भाडे ७०१ किलोमीटरचे, धाव किती?

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. लांबी ७०१ किमी. तातडीच्या मालाचे भाडे बहुधा ठरलेल्या अंतरावर किंवा खेपेवर ठरते. ट्रकची धाव त्याहून जास्त असते.

फरक कुठे पडतो?
महामार्ग शिवमडका ते आमणे असा आहे. बुटीबोरीत माल भरणे, पुढे गोदाम गाठणे हे अंतर वेगळे. परतीचा माल मिळाला नाही, तर महामार्गावरचीच धाव १,४०२ किमी होते. भाडे मात्र एकेरीच.

भार कुणावर?
डिझेल, टोल, टायर मालकाच्या खिशातून. खेपेवर राबणाऱ्या चालकाचे तास बिनपगारी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार सर्वसाधारण मर्यादा दिवसाला आठ तास होती. पण पाचपेक्षा कमी कामगार असलेले छोटे मालक त्याबाहेर राहत होते.

उपाय काय?
रिकाम्या किलोमीटरचा दर माल भरण्याआधीच लेखी ठरवणे.