विश्लेषण : मंदावलेला डेस्कटॉप बदलायचा की फक्त त्याची हार्ड डिस्क?

विंडोज १० या प्रणालीसाठीची नियमित सुरक्षा अद्यतने मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यानंतर घरांतले, दुकानांतले आणि शाळांतले जुने डेस्कटॉप मोडीत काढण्याची घाई सुरू झाली. त्यातले बरेच संगणक बिघडलेले नसतात, केवळ संथ झालेले असतात. अशा वेळी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवणे हा स्वस्त उपाय ठरू शकतो. मात्र तो प्रत्येक संगणकाला लागू पडत नाही आणि घाईने केल्यास वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब गमावण्याचा धोका असतो.

संगणक संथ का होतो?

हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. आयबीएमने १९५६मध्ये पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हापासून तत्त्व तेच आहे : चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरतात आणि एका दांड्याच्या टोकावरचे वाचक शीर्ष हव्या त्या जागी सरकून माहिती वाचते. डेस्कटॉपमधील तबकडी साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. शीर्ष सरकण्याचा आणि हवा तो भाग त्याखाली येण्याचा वेळ धरला तर एक फाइल शोधायला १२-१३ मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या जागांवरचे असे वाचन सेकंदाला ८०-१०० वेळाच होऊ शकते. संगणक सुरू होताना मात्र हजारो लहान फाइल्स वाचाव्या लागतात. प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहत राहतो.

एसएसडीमुळे किती फरक पडतो?

एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलमध्ये असते तशी फ्लॅश मेमरी त्यात असते. माहिती शोधायला तिला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. त्यामुळे विंडोज सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे घेणारा संगणक अनेकदा अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होतो. ब्राउझर, टॅली किंवा एक्सेल लगेच उघडते. सलग मोठी फाइल वाचण्याचा वेग हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० ते २०० एमबी, तर साध्या सॅटा एसएसडीवर सुमारे ५५० एमबी असतो. पण रोजच्या वापरात जाणवणारा फरक या आकड्यापेक्षा शोधण्याच्या वेगाचा आहे.

आपल्या संगणकाला उपयोग होईल का?

हे पैसे खर्च करण्याआधीच तपासता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक रखडलेला असताना त्यात ‘डिस्क’खाली ९०-१०० टक्के आणि प्रोसेसरखाली कमी आकडा दिसत असेल, तर अडथळा हार्ड डिस्कचा आहे. ‘मेमरी’ सतत भरलेली दिसत असेल, तर आधी रॅम वाढवणे योग्य. ४ जीबी रॅमवर आजचे ब्राउझर गुदमरतात. इंटरनेटचा संथ वेग, गेममधील अडखळणारी चित्रे किंवा व्हायरस यांवर एसएसडी हा इलाज नाही.

कोणती एसएसडी घ्यावी?

दहा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपला २.५ इंची सॅटा एसएसडी चालते. तीच केबल आणि तीच वीजजोडणी वापरता येते. ड्राइव्ह आकाराने लहान असल्याने ३.५ इंची खाचेत बसवायला साधी पट्टी लागते. मदरबोर्डवर एम.२ ही खाच असेल, तर तिथे सॅटा चालते की एनव्हीएमई, हे मदरबोर्डच्या माहितीपत्रकात पाहूनच खरेदी करावी. एनव्हीएमई कित्येक पट वेगवान असते, पण कार्यालयीन कामात तिचा वाढीव वेग फारसा जाणवत नाही. मेमरी चिपचे भाव एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५च्या अखेरीस चढले. त्यामुळे जुने भाव गृहीत न धरता चौकशी करावी. अविश्वसनीय स्वस्तात मिळणाऱ्या ‘२ टीबी’ ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात खूप कमी जागा असल्याचे प्रकार घडतात. पक्के बिल आणि तीन ते पाच वर्षांची हमी असलेलीच वस्तू घ्यावी.

जुनी माहिती नव्या ड्राइव्हवर कशी न्यावी?

पहिले काम म्हणजे महत्त्वाच्या सगळ्या फाइल्सची वेगळी प्रत. ती बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर घ्यावी आणि काही फाइल्स उघडून खात्री करावी. त्यानंतर दोन मार्ग असतात. क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल. किंवा एसएसडीवर नव्याने विंडोज टाकणे. नव्याने टाकल्यास जुना कचरा जातो. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असल्याने ड्राइव्ह बदलल्यावर तो सहसा आपोआप ओळखला जातो. पण डीटीपीची दुकाने आणि लहान कार्यालयांनी इथे थांबून विचार करावा. जुन्या मराठी फाइल्स युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतात. ते फाँट, त्यांची कळफलक-मांडणी आणि त्या सॉफ्टवेअरचा परवाना पुन्हा मिळणार नसेल, तर फाइल उघडूनही मजकूर वाचता येत नाही. अशा ठिकाणी क्लोनिंग सोयीचे. त्यासाठी जुन्या डिस्कवर वापरलेली जागा एसएसडीच्या क्षमतेपेक्षा कमी हवी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल्स उघडताना त्रुटी येत असतील, तर क्लोनिंगच्याही आधी जी माहिती वाचते ती काढून घ्यावी.

एसएसडी किती टिकते?

फ्लॅश मेमरीवर लिहिण्याला मर्यादा असते आणि उत्पादक ती टेराबाइटमध्ये जाहीर करतात. ५०० जीबीच्या एसएसडीसाठी ती १५० टीबी असेल आणि संगणकावर रोज २० जीबी लिहिले गेले, तरी वर्षाला सुमारे ७ टीबीच होतात. म्हणजे २० वर्षे. खरी चिंता वेगळी आहे. हार्ड डिस्क अनेकदा आवाजाने, रखडण्याने पूर्वसूचना देते. एसएसडी अचानक बंद पडू शकते आणि तिच्यावरची पुसलेली माहिती परत मिळवणे बहुधा अशक्य असते. म्हणून एसएसडी आल्यावर बॅकअपची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

विंडोज ११चे काय?

एसएसडी बसवल्याने जुना संगणक विंडोज ११साठी पात्र ठरत नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या वाढीव सुरक्षा अद्यतनांची योजना ठेवली, पण ती ऑक्टोबर २०२६पर्यंतच होती. अपात्र संगणकासाठी लिनक्स हा मोफत पर्याय आहे. मात्र विंडोजवरच चालणारे हिशेबाचे किंवा मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर असेल, तर तो कामाचा नाही. त्यामुळे आधी पात्रता तपासावी, मगच एसएसडीवर खर्च करावा.

जुन्या हार्ड डिस्कचे काय करावे?

ती लगेच पुसू नये. महिनाभर नवा ड्राइव्ह नीट चालेपर्यंत बाजूला ठेवावी. चांगल्या स्थितीत असेल, तर जादा साठवणुकीसाठी वापरता येते. देऊन टाकायची असेल, तर फाइल्स डिलीट करणे किंवा ‘क्विक फॉरमॅट’ पुरेसे नाही. त्याने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. आधार, पॅन, बँक कागदपत्रांच्या प्रती परत मिळवता येतात. पूर्ण फॉरमॅट करून, क्विक फॉरमॅटची खूण काढून, मगच ती द्यावी. आणि द्यायची ती भंगारवाल्याकडे नव्हे. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. केवळ एक भाग बदलून संगणक आणखी चार-पाच वर्षे चालणार असेल, तर बाकीचा सांगाडा, मदरबोर्ड आणि मॉनिटर या कचऱ्यात जाण्यापासून वाचतो. पैशांच्या बचतीइतकीच ही बचतही मोलाची आहे.