बीज आणि रान

हातोदच्या आमच्या घरामागे चिंचेची दोन जुनी झाडे आहेत. दरसाल तिथे वानरांची टोळी उतरते, कौले सरकवते, वाळवणावर हात मारते, आणि आमची काकू काठी घेऊन त्यांच्यामागे धावते. शनिवारी मात्र तीच काकू मारुतीला तेल घालून आली की त्यांच्यापुढे मूठभर फुटाणे टाकते.

परवा मी तिला सांगितले की, दुर्मिळ जातीच्या माकडांचा वंश टिकावा म्हणून नराचे वीर्य काढून गोठवून ठेवण्याची विद्या निघाली आहे. काकूने पदर सावरला. "शिव शिव! अरे, मारुतीराय ब्रह्मचारी, आणि त्याच्या जातीची ही विटंबना?" मला हसू आले. परंतु आपल्यातील पुष्कळ सुशिक्षितांचाही या विषयात असाच संकोच होतो, म्हणून चार शब्द लिहितो.

खरे पाहता हातोदच्या शेतकऱ्याला यात नवल नाही. गाय माजावर आली की तो वळू शोधीत फिरत नाही. पशुवैद्य नायट्रोजनच्या टाकीतून बारीक नळी काढतो आणि काम होते. पुण्याजवळ उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापिलेल्या संस्थेने हीच विद्या खेडोपाडी पोहोचविली. तिचे मूळ १९४९ सालचे. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या तिघा इंग्लंडातील शास्त्रज्ञांना आढळले की, ग्लिसरीन मिसळले असता शुक्रजंतू गोठूनही मरत नाहीत. पुढे उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षे ठेवता येऊ लागले.

माकडाचे काम गाईइतके सोपे नाही. नराला भूल द्यावी लागते. कित्येक जातींत वीर्य बाहेर येताच साकळून त्याची गुठळी होते. आणि मादीच्या गर्भाशयाचे मुख असे वळणावळणाचे असते की बीज आत पोहोचविणे जिकिरीचे ठरते. तरीही हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने, डॉ. लालजी सिंग यांच्या पुढाकाराने, संकटग्रस्त प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली. तेथे कृत्रिम रेतनाने २००६ साली चितळाचे आणि २००७ साली काळविटाचे पाडस जन्मले. पुढे तेथेच वन्य प्राण्यांची राष्ट्रीय बीजपेढी निघाली.

याचा उपयोग काय? सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील सिंहपुच्छ माकड घ्या. काळेभोर अंग, तोंडाभोवती रुपेरी आयाळ. रानातले त्याचे प्रौढ प्राणी अडीच हजारांहून कमी असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. चहा-कॉफीच्या मळ्यांनी रानाचे तुकडे पडले, तशा टोळ्याही तुटल्या. प्राणिसंग्रहालयात तर मूठभर प्राण्यांतच पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक होत राहते आणि वंश क्षीण होतो. परका नर टोळीत सोडावा तर मारामारी जुंपते. अशा वेळी नर न हलविता त्याचे बीज नेता आले तर नवे रक्त मिळते. अकस्मात मेलेल्या नराचा वंशही काही तासांत हालचाल केल्यास राखता येतो. म्हणून या विद्येला नाक मुरडणे मला मान्य नाही.

परंतु माझी खरी भीती निराळी आहे. बीज टाकीत सुरक्षित आहे म्हटले की रान तोडायला हात मोकळे होतात. कणगीत बियाणे आहे म्हणून कोणी शेत विकले, तर त्याला आपण शहाणा म्हणू काय? माकडाचे पोर नुसत्या बीजाने माकड होत नाही. कोणते पान खावे, कोणत्या हाकेला दडावे, कोणापुढे नमावे, हे ते आईच्या पोटाला बिलगून, टोळीत राहून शिकते. ते शिक्षण कोणत्याही टाकीत गोठवता येत नाही. केरळातील सायलेंट व्हॅलीचे रान वाचले ते लोकांनी तेथील धरणाला विरोध केला म्हणून. १९८५ साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून खुले झाले. तमिळनाडूत वालपराईला रस्त्यावर दोरांचे पूल टांगले आणि माकडे त्यांवरून जाऊ लागली. दोराच्या पुलाचा खर्च तो किती!

दुर्मिळ जातींचेच हे दुखणे आहे, असेही कोणी समजू नये. दक्षिणेत घरोघर दिसणारे टोपी माकडही, उत्तरेकडील लाल तोंडाचे माकड सरकत आल्याने, मागे हटत आहे. आज मुबलक आहे ते उद्या असेलच, असा भरवसा कोणी द्यावा?

आमच्या घरातही सध्या एक वाद चालू आहे. इंदूर शहर आमच्या दिशेने सरकते आहे, जमिनीला भाव आला आहे, आणि मागची जागा मोकळी करावी असे धाकट्या मंडळींचे म्हणणे पडते. जागा मोकळी करायची म्हणजे चिंचा तोडायच्या. परवा बैठकीत मी विरोध नोंदविला. मला वाटले, एकटाच पडेन. तोच माजघरातून काकूचा आवाज आला : "चिंचा तोडल्यात, तर शनिवारचे फुटाणे मी कोणापुढे टाकू?"

निकाल अजून लागलेला नाही. परंतु आता मते दोन झाली आहेत.