मदत की भरपाई? अंगठा उठविण्यापूर्वी शब्द ओळखा



१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ, समृद्धी महामार्गावर उलटली आणि पेटली. २५ प्रवासी होरपळून मरण पावले. त्याच दिवशी राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये आणि पंतप्रधानांनी राष्ट्रीय साहाय्य निधीतून २ लाख रुपये जाहीर केले. अशी रक्कम जाहीर झाली की लोक म्हणतात, "चला, सरकारने पैसे दिले, प्रकरण मिटले." डोणगावातही मी हे वाक्य ऐकले आहे आणि कोर्टाच्या आवारात तर ते नित्याचेच झाले आहे. हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने साफ खोटे आहे. त्यावर विश्वास ठेवून किती कुटुंबांनी आपला हक्क सोडून दिला असेल, याची गणती कोणी केलेली नाही.

आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या एकच रीत पाहिली. कोणी दिले तर घ्यावे, न दिले तर मुकाट्याने परतावे. हात पसरून घेणाऱ्यास हिशेब विचारता येत नव्हता. ती रीत आपण सोडली, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु घरातील कर्ता पुरुष अपघातात सापडला आणि समोर कागद आला, की जुनी सवय पुन्हा डोके वर काढते. आपण रक्कम पाहतो, कागदावरील शब्द पाहत नाही. म्हणून आज मी तुमच्यापुढे काही शब्दच मांडणार आहे. शब्द थोडे आहेत, परंतु त्या प्रत्येकावर एका घराचे भवितव्य अवलंबून असते.

पैसा एकच, नावे चार

पहिला शब्द "सानुग्रह अनुदान". अनुग्रह म्हणजे कृपा. वर सांगितलेले ५ लाख व २ लाख हे सानुग्रह अनुदान होय. ते घेण्यात कमीपणा नाही, ते अवश्य घ्यावे. परंतु ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही आणि तुमचा दावा रतिमात्रही कमी होत नाही.

दुसरा शब्द "नुकसानभरपाई". ही कोणाची कृपा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करून ती मागावयाची असते. वाहनचालक, वाहनमालक आणि विमा कंपनी हे तिचे देणेकरी असतात. प्रत्येक वाहनाचा "त्रयस्थ पक्षाचा विमा" कायद्याने सक्तीचा केला आहे. त्रयस्थ पक्ष म्हणजे विमा घेणारा मालक व विमा देणारी कंपनी या दोघांखेरीज तिसरा. रस्त्याने पायी चाललेले तुम्ही व मी तो तिसरा माणूस असतो.

तिसरा शब्द "दोषनिरपेक्ष दायित्व". कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. ही सोय चांगली आहे, परंतु येथेच सर्वांत मोठा खड्डा आहे. कलम १४९ च्या रीतीने ही रक्कम तुम्ही "स्वीकारली", तर न्यायाधिकरणापुढील तुमचा मोठा दावा आपोआप गळून पडतो. सानुग्रह अनुदान घेतल्याने दावा बुडत नाही आणि ही रक्कम घेतल्याने बुडतो. दोन्ही वेळी हातात धनादेशच पडतो; फरक आहे तो कागदावरील शब्दाचा.

चौथा प्रकार धडक देऊन पळालेल्या, ओळख न पटलेल्या वाहनाचा. अशा वेळी कलम १६१ खाली मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी महसूल खात्यातील दावा-चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो. वाहन सापडले नाही म्हणून काहीच मिळत नाही, ही समजूत चुकीची आहे.

चूक कोणाची?

"निष्काळजीपणा" या शब्दाचा अर्थ मुद्दाम केलेले वाईट कृत्य असा नाही. रस्त्यावर वाहन हाकणाऱ्याने जेवढी काळजी घ्यावयास हवी होती तेवढी न घेणे, इतकाच त्याचा अर्थ. "सहभागी निष्काळजीपणा" म्हणजे जखमी माणसाचीही काही चूक असणे. समोरचा वकील हा शब्द हमखास उच्चारील. त्यामुळे घाबरून दावा सोडू नये. तुमची चूक चौथा हिस्सा ठरली, तर भरपाईतून चौथा हिस्सा वजा होतो; उरलेले तीन हिस्से तुमचेच असतात.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. "फौजदारी कोर्टात ड्रायव्हर सुटला, आता आम्ही काय मागणार?" असा प्रश्न मला विचारला जातो. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयातीतपणे शाबीत व्हावा लागतो, कारण तेथे माणसाला तुरुंगात धाडावयाचे असते. न्यायाधिकरणापुढे "संभाव्यतेचे पारडे" पाहिले जाते. घटना तशी घडली असण्याचा संभव अधिक आहे, एवढे दाखविले तरी पुरते. म्हणून एका कोर्टातील सुटकेने दुसरीकडचा दावा मरत नाही. मात्र त्यासाठी पहिल्या दिवसापासून कागद हवेत. पोलिसांतील खबर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रे आणि औषधांच्या पावत्या यांच्या प्रती मागून घ्या व जपून ठेवा.

हाताची किंमत

आता सर्वांत महत्त्वाच्या शब्दाकडे येतो. जखमी माणसाला सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला मिळतो आणि त्यावर टक्केवारी असते. भरपाईही तेवढ्याच टक्क्यांनी मिळणार, असे आपल्या लोकांना वाटते. परंतु शरीराचे अपंगत्व आणि "कमाईच्या शक्तीची हानी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. डावा हात तोडावा लागला तर वैद्यकीय अपंगत्व ६० टक्के भरेल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. तोच हात सरकारी कचेरीतील कारकुनाचा असेल, तर त्याची नोकरी कदाचित टिकूनही राहील. जखम सारखी असली तरी हानी सारखी नसते.

हे सूत्र आपल्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांसाठी किती मोलाचे आहे, ते हिशेबाने पाहा. समजा, डोणगावचा ३२ वर्षांचा एक गवंडी मेहकरच्या रस्त्यावर टेम्पोच्या धडकेने जखमी झाला आणि त्याचा उजवा हात निकामी झाला. महिन्याची कमाई १२,००० रुपये धरली, तर वर्षाची १,४४,००० होते. पुढे कमाई वाढली असती, म्हणून "भावी वाढ" जोडतात. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतील, स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या माणसाला ती ४० टक्के धरतात. बेरीज २,०१,६०० होते. तिला "गुणकाने" गुणावयाचे. २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिले आहेत. ३१ ते ३५ वर्षांसाठी तो १६ आहे. गुणाकार ३२,२५,६०० रुपये होतो. आता दाखल्यावर ४० टक्के लिहिले आहे म्हणून तेवढेच धरले, तर १२,९०,२४० रुपये मिळतील. परंतु एका हाताने विटा रचता येत नाहीत, थापी व ओळंबा धरता येत नाही, हे साक्षीपुराव्याने दाखवून हानी ८० टक्के ठरविली, तर २५,८०,४८० रुपये होतील. औषधोपचार, यातना आणि पुढील शुश्रूषा यांचे पैसे याहून वेगळे.

एका शब्दाच्या अज्ञानाची किंमत बारा लाख नव्वद हजार रुपये! म्हणून न्यायाधिकरणापुढे केवळ दाखला ठेवून थांबू नका. तो देणाऱ्या डॉक्टरची साक्ष व्हावी, तुमच्या धंद्यात हाताचे, पायाचे, डोळ्याचे काम काय असते हे तुम्ही स्वतः सांगावे आणि तुमच्याबरोबर काम करणाऱ्या सोबत्याने त्यास दुजोरा द्यावा, असा आग्रह वकिलापाशी धरा.

घरातील स्त्रीबद्दलही सांगितले पाहिजे. "ती कमावीत नव्हती," असे म्हणून तिच्या मृत्यूची भरपाई नाममात्र ठरविण्याचा प्रयत्न होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या लता वाधवा खटल्यात आणि पुन्हा २०२१ च्या कीर्ती खटल्यात गृहिणीच्या श्रमाला पैशात मोल दिले आहे. चूल, पाणी, मुले, म्हातारी माणसे आणि वर मजुरी, हे सारे जी सांभाळते तिच्या श्रमाला मोल नाही, असे आपणही घरात म्हणू नये.

शेतातील अपघात

अपघात रस्त्यावरच होतो असे नाही. सोयाबीनची सोंगणी होऊन सुड्या लागल्या की मळणीयंत्र शेतोशेत फिरू लागते आणि मजुराचा हात त्यात सापडतो. मालक दवाखान्याचा खर्च करतो, वर थोडे पैसे देतो व "मदत केली" असे म्हणतो. येथेही मदत हा शब्द अपुरा आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या शेतकामातील मजुराचा आपल्या अनुसूचीत समावेश केला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि भरपाईचा हा विषय त्या संहितेत आला. तेथील कळीचे शब्द आहेत "कामामुळे व कामाच्या ओघात घडलेला अपघात". तो तसा घडला एवढे दाखविले, तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज सामान्यतः राहत नाही.

शासनाची शेतकरी अपघात योजना आहे, असे कोणी सांगेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ती योजना मृत्यूबद्दल २ लाख रुपये देते. परंतु ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे, आणि तीही सानुग्रह अनुदानच आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या मजुराला तिचा आधार नाही. त्याचा आधार हक्काची भरपाई हाच होय.

सही करण्यापूर्वी

"पूर्ण व अंतिम तडजोड" हे शब्द ज्या कागदावर असतील, त्यावर दवाखान्याच्या खाटेवर पडल्यापडल्या सही अथवा अंगठा करू नका. पूर्ण म्हणजे पुढे काही मागणार नाही, अंतिम म्हणजे पुन्हा येणार नाही. लोकअदालतीत तडजोड करणे पुष्कळदा हिताचे असते, कारण वर्षे वाचतात. परंतु तेथील निवाड्यावर अपील होत नाही, हे ध्यानी धरून आणि वर दाखविलेला हिशेब घरी करूनच तेथे जा. न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर मात्र ९० दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठात, अपील करता येते.

"मुदत" हा शब्द विसरू नका. कलम १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा, असे कायदा १ एप्रिल २०२२ पासून सांगतो. तेराव्याचे, वर्षश्राद्धाचे जुने हिशेब आपण सोडले. हा सहा महिन्यांचा हिशेब मात्र धरून ठेवा. अपघात परजिल्ह्यात झाला तरी तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. तुम्ही जेथे राहता तेथील न्यायाधिकरणापुढेही अर्ज करता येतो.

वकिलाचे पैसे कोठून आणावे? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री, बालक, औद्योगिक कामगार आणि अपंग यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. धर्मांतरानंतर आपण अनुसूचित जातीत राहिलो नाही, असे कोणी सांगितले तर त्यास १९९० ची दुरुस्ती दाखवा. तिने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मान्य केला आहे. दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे किंवा बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. आणि माझ्याच व्यवसायाबद्दल एक कटु सत्य सांगतो. मिळणाऱ्या भरपाईत हिस्सा मागणे वकिलास मना आहे. जो वकील अर्धी रक्कम लिहून मागतो, त्याच्या वकीलपत्रावर सही करू नका.

बंधु-भगिनींनो, गेलेला माणूस पैशाने परत येत नाही आणि तुटलेला हात पुन्हा फुटत नाही, हे मी जाणतो. परंतु मागे राहिलेल्या मुलाची शाळा सुटू नये, विधवेला पुन्हा कोणाच्या दारी उभे राहावे लागू नये, एवढे त्या पैशाने होते. प्रत्येक घरात आता एक तरी शिकलेले मूल आहे. त्याच्या हाती हा लेख द्या, त्याने तो घरात मोठ्याने वाचावा आणि यातील शब्द वहीत उतरवून ठेवावेत. उद्या कोणी कागद पुढे करून म्हणाला, "घ्या, मदत आहे," तर त्या मुलाने एवढेच विचारावे, "साहेब, मदत की भरपाई? आणि यावर सही केल्यावर आमचे काय उरते?"