टाइप वन मधुमेह कॉलेजपासून लपवू नका

बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सोलापूरकडून दरवर्षी मराठी मुले कॉलेजसाठी बेंगळुरूत येतात. त्यांतल्या काहींना टाइप वन मधुमेह असतो. बारावीपर्यंत इन्शुलिनचे वेळापत्रक बहुधा आईच सांभाळते, शहर बदलले की ते एकदम मुलाच्या गळ्यात पडते. अशा वेळी ‘तिथे कुणाला सांगू नकोस’ हा घरचा सल्ला घातक ठरू शकतो. कायद्याच्या भरवशावर तर राहूच नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत, टाइप वन मात्र नाही. वर्गात शुगर तपासू द्या, इन्शुलिन घेऊ द्या, असे राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले, पण ते शाळांपुरते. जेईई मेनला साखरेच्या गोळ्या आणि फळ नेता येते. कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेत तशी मुभा देणे बरेचदा प्राचार्यांच्या मर्जीवर असते. व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाची ८५ टक्के हजेरीची अट आहेच. डॉक्टरांचे पत्र प्रवेशाच्या वेळीच दप्तरी लागलेले नसेल, तर ऐनवेळी सवलत कशाच्या जोरावर मागणार?

लोक काय म्हणतील, पुढे मुलीचे लग्न कसे जमेल, ही भीती खोटी नाही. पण वर्गभर दवंडी पिटायला कोण सांगते आहे? वॉर्डन, एखादे प्राध्यापक आणि रूममेट एवढ्यांना कळले तरी पुरे. मूल आता सज्ञान आहे, सांगायचे की नाही हे त्याने ठरवावे, ही हरकत अधिक वजनदार आहे आणि ती मला मान्य आहे. रूममेटच्या बाबतीत मात्र मी त्याच्याशी वाद घालीन. शुगर ७०च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात, आणखी घसरली की बोलणे असंबद्ध होते; अनोळखी माणसाला वाटते, पोरगा पिऊन आलाय. त्याच वेळी तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणारे कुणीतरी हवे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ला फोन करायचा, हेही रूममेटला आधीच ठाऊक हवे.

पीजी चालवणाऱ्यांनो, न उघडलेल्या इन्शुलिनला २ ते ८ अंश तापमान लागते. फ्रिजमधला एक कप्पा द्या, फ्रीझर नको, आणि उशिरा येणाऱ्या अशा मुलाचे ताट झाकून ठेवा. इथल्या मराठी कुटुंबांनी आणि मंडळांनी लोकल गार्डियन म्हणून नावे नोंदवावीत. रात्री दोन वाजता वॉर्डनचा फोन आला, तर बेळगावहून निघालेल्या आईवडिलांना पोचायला सकाळ सरते.