भरतीची वेळ आणि किनाऱ्यावरचे पाहुणे

अलिबागच्या दक्षिणेस असलेले अक्षी हे गाव अभ्यासकांना परिचित आहे ते तेथील शिलालेखामुळे. शके ९३४ चा मानला जाणारा हा लेख मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जातो आणि त्या चर्चेत श्रवणबेळगोळच्या लेखाचे नाव अपरिहार्यपणे येते. अलीकडे मात्र या गावाकडे हिवाळ्यात वळणारी पावले निराळ्याच कारणाने वळतात. सुरूच्या बनापलीकडच्या ओल्या वाळूवर चिखल्या, तुतवार, टिलवे, कुरव आणि सुरय यांचे थवे उतरतात आणि त्यांच्यामागे कॅमेरे येतात. मुंबईची अनेक व्यापारी कुटुंबे शनिवार-रविवारी मांडव्याला उतरून या किनाऱ्यावर येतात. घरातील एखाद्या तरुणाच्या, क्वचित निवृत्त आजोबांच्याही, गळ्यात लांब भिंगाचा कॅमेरा दिसतो. हा छंद चांगला आहे. तो नीट जोपासला जावा, एवढ्यासाठी त्याची थोडी चर्चा येथे केली आहे.

छोटा टिलवा हा पक्षी वजनाला जेमतेम पंचवीस ग्रॅम. उत्तर ध्रुवालगतच्या रशियन प्रदेशात त्याचा जन्म होतो आणि हिवाळा तो आपल्या किनाऱ्यावर काढतो. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याची कथा तर विलक्षण आहे. २०२२ साली या जातीच्या अवघ्या पाच महिन्यांच्या एका पिलाने अलास्काहून टास्मानियापर्यंतचे सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर अकरा दिवसांत, कोठेही न उतरता कापले. पाठीवर बसवलेल्या उपकरणामुळे त्याची नोंद झाली. याच जातीचे पक्षी कोकणकिनारीही येतात. अशा प्रवासाचे सारे भांडवल म्हणजे अंगावरची चरबी, आणि ती ओहोटीच्या चिखलातील किडे-शिंपल्यांवर जमा होते. थवा उडतानाचे छायाचित्र हवे म्हणून त्याच्या अंगावर धावत जाणारा मनुष्य त्या शिलकीतूनच खर्च करवितो. भरतीच्या ऐन वेळी पक्षी कोरड्या वाळूवर एका पायावर विसावलेले असतात, तेव्हा त्यांना उठवणे हे त्याहून वाईट. ड्रोन तर अशा ठिकाणी बाहेर काढूच नये.

पक्ष्यांपर्यंत चालत जाण्याची मुळी आवश्यकताच नसते. समुद्र त्यांना जवळ आणून देतो. पाणी चढू लागले की चिखल झाकला जातो आणि पक्षी पावलापावलाने किनाऱ्याकडे सरकतात. भरतीपूर्वी दोन तास एका जागी निश्चल बसणाऱ्याला ते आपोआप भेटतात. भरतीची वेळ काढण्यासाठी कोळीबांधवांचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला व अमावास्येला बाराच्या आसपास. ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशी पाळली जाते, त्यांना हे गणित पंचांग न उघडताही जमावे. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी, पौर्णिमा-अमावास्येला उधाण.

आता यात प्रकाशाचा विचार मिळवावा. रायगडचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी समुद्राकडे तोंड करून बसल्यास सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका चमकतो. सायंकाळी मात्र काळी आकृतीच हाती लागते. म्हणून हिवाळ्यातील द्वादशी-त्रयोदशीची सकाळ सर्वांत लाभाची. सात वाजता वाळूवर बसावे, नऊ-पावणेदहापर्यंत पाणी पक्ष्यांना घेऊन येते. त्यानंतर तापलेल्या वाळूवर हवा थरथरू लागते आणि त्या थरथरीने बिघडलेले चित्र कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही.

उपकरणांविषयी थोडक्यात सांगायचे तर ४०० ते ६०० मिलिमीटरचे भिंग, एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद शटर आणि रॉ स्वरूपात नोंद, एवढे पुरे. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे आडवे पडावे. उभ्याने काढलेल्या चित्रात पक्षी वाळूवरचा डाग दिसतो, त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेल्या चित्रात तो जिवंत वाटतो. चकाकत्या ओल्या वाळूवर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळवंडतो, तेथे एक्सपोजर किंचित वाढवावे. काळ्या चिखलावरचा पांढरा कुरव असेल तर उलट कमी करावे. जळून पांढरीफटक झालेली पिसे मागाहून परत मिळत नाहीत.

घरी संगणकावर चित्र सुधारताना प्रथम क्षितिज सरळ करावे. तिरका समुद्र फार खटकतो. कातरताना हिशेब ध्यानात ठेवावा. चोवीस मेगापिक्सेलचे चित्र म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके; दोन्ही बाजू निम्म्या केल्या की सहाच मेगापिक्सेल उरतात आणि उत्तम छपाई दहा इंचांपलीकडे जात नाही. मग रंगसंतुलन, दाणेदारपणा कमी करणे आणि अगदी शेवटी, तेही बेताने, धारदारपणा वाढवणे.

धोका पुढेच आहे. हल्ली एका कळीसरशी संगणक नसलेली पिसे घालतो आणि असलेली खूण पुसतो. केंटिश चिखल्याच्या मानेमागे पांढरी पट्टी असते, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सँड प्लोव्हरला ती नसते. पायांचा रंग किंचित बदलला तरी तुतवारांची ओळख चुकते. काही पक्ष्यांच्या पायांवर अभ्यासकांनी बसवलेली अक्षरांकित रंगीत पट्टी असते. डाग समजून ती पुसणारे उत्साही लोक आहेत! वास्तविक त्या छायाचित्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच. तिच्यावरील अक्षरांवरून तो पक्षी कोठे आणि केव्हा पकडला गेला होता, हे कळते. ती दिसल्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला अवश्य कळवावे. खतावणीत खाडाखोड चालत नाही, हे व्यापारी घरांना निराळे सांगावयास नको; मूळ रॉ फाइल ही पावती समजून जशीच्या तशी जपावी आणि सुधारणा प्रतीवर करावी.

सोबत तारीख, वेळ, स्थळ व संख्या लिहावी. उरणजवळच्या पाणजेसारख्या पाणथळ जागांत भरतीचे पाणी अडवले जात असल्याच्या तक्रारी अनेक वर्षे होत आहेत. पक्षी येथे येतच नाहीत, असे कोणी म्हटले तर दिनांकित छायाचित्रांइतके स्पष्ट उत्तर दुसरे नाही. सलीम अलींनी १९३० साली याच किनाऱ्यावरील किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, तोही रोजच्या नोंदींच्याच बळावर.

हिवाळ्यात करड्या दिसणाऱ्या या पक्ष्यांतील कित्येक एप्रिलमध्ये विटकरी, तांबूस रंग धारण करतात. तो रंग टिपावयाचा असेल तर चैत्रातली एखादी द्वादशी आताच राखून ठेवावी. मे महिना अर्धा सरेपर्यंत बहुतेक थवे निघून गेलेले असतात.